शेगडी, गोधडी आणि बंद खोली

वाचकहो, देशावरची थंडी वेगळी आणि उत्तरेतली थंडी वेगळी, हा धडा मराठी माणसाला राजकारणाने दिला. पुण्या-साताऱ्याकडे थंडीला ‘गुलाबी’ म्हणतात. एक पासोडी अंगावर ओढली की रात्र निघते. कोकण-गोव्यात तर तेवढीही गरज पडत नाही. अठराव्या शतकात हीच माणसे नर्मदा ओलांडून माळव्यात, बुंदेलखंडात आणि पुढे यमुनाकाठी गेली, तेव्हा पौषातली रात्र म्हणजे काय असते ते त्यांना कळले. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने १७६० च्या ऑक्टोबरअखेर पानिपतावर तळ दिला आणि १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपर्यंत, म्हणजे थंडीचे ऐन अडीच महिने, ती तिथेच अडकून पडली. तळाभोवतीचा फास आवळत गेला तसा दाणा संपला, वैरण संपली, आणि सरपण गोळा करायला तळाबाहेर पडणेही जिवावरचे झाले. पानिपताच्या पराभवाची कारणे आपण शाळेत पाठ केलेली असतात. त्यांत तोफा येतात, भूक येते, भाऊबंदकी येते. उघड्या मैदानावरच्या त्या सत्तर-पंचाहत्तर रात्रींची थंडी मात्र सहसा येत नाही.

पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. होळकरांमुळे इंदूर आणि गायकवाडांमुळे वडोदरा आपले झाले. कारकून, शिलेदार, वैद्य, पुराणिक, गवई आणि त्यांची बायकामुले मागोमाग आली आणि इथलीच होऊन राहिली. इंदूर-वडोदऱ्याची थंडी त्या मानाने सौम्य आहे. ग्वाल्हेरला मात्र जानेवारीत पारा कधी कधी दोन-तीन अंशांवर उतरतो. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावातली घरे उन्हाळ्याच्या भीतीने बांधलेली असतात. दगडी जाड भिंती, उंच छत, गार फरशी, चहूकडून वारा. मे महिन्यात ही घरे देवासारखी वाटतात. जानेवारीत त्याच घरातली झोपायची खोली पहाटे विहिरीसारखी गार पडते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या पॅथीत रुग्णाला जे अगदी सुरुवातीचे प्रश्न विचारतात, त्यांत एक असतो: ‘तुम्हाला थंडी जास्त बाधते की उकाडा?’ हा प्रश्न हजारो माणसांना विचारता विचारता माझ्या लक्षात आले की थंडी बाधणारी माणसे रात्री झोपतात कशी, हे आपण क्वचितच विचारतो. त्या कुतूहलापोटी जे वाचले आणि पाहिले, ते आपल्यापुढे ठेवतो. सांगायचे आहे ते थोडक्यात असे. गरिबाने आणि मध्यमवर्गाने इतिहासात बहुतेक ठिकाणी खोली तापवली नाही, अंथरूण तापवले. आणि ज्याने ज्याने बंद खोली स्वस्तात, निखाऱ्यांवर तापवायचा प्रयत्न केला, त्याच्यापैकी अनेकांनी त्याची किंमत जिवाने मोजली.

आधी अंथरुणाची गोष्ट. झोपलेला माणूस साधारण सत्तर ते ऐंशी वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतो. आठ तासांची बेरीज केली तर ती विजेच्या अर्ध्या युनिटाहून जास्त भरते. ही शेगडी फुकटची आहे आणि जन्मभर सोबत असते. प्रश्न एवढाच की ती ऊब पांघरुणात टिकते की खोलीत विरून जाते. पांघरूण स्वतः गरम नसते, ते आपली ऊब अडवते, ही गोष्ट आज सोपी वाटते. तिचा शास्त्रीय उलगडा मात्र १७९२ साली झाला. काउंट रमफर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसनने लोकर, पिसे, कापूस, रेशीम यांवर प्रयोग करून लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले की ऊब धरून ठेवण्याचे काम धाग्यांमध्ये अडकलेली हवा करते.

आपल्या आज्या-पणज्यांनी रमफर्ड वाचला नव्हता. पण गोधडी म्हणजे दुसरे काय आहे? जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर एकावर एक घालून, हाताने धावता टाका घालत शिवले की प्रत्येक थराच्या मध्ये हवेची पातळशी पुडी बंद होते. त्यासाठी बाजारातून आणावा लागतो फक्त दोरा. तिला कुणी वाकळ म्हणतो. बेळगावकडच्या आपल्या मंडळींच्या कानडी शेजाऱ्यांकडे तिचे नाव कौदी. घोंगडीची कथा वेगळी. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. सनगर ती विणतात आणि सुताला चिंचोक्याची खळ देतात. घोंगडी अंगाला टोचते, पण तिच्यात हवाही राहते आणि दवही लवकर आत शिरत नाही. उत्तरेत गेलेल्या मराठी घरांत या दोघींच्या शेजारी रजई येऊन बसली. थंडीच्या तोंडावर पिंजारी दारात यायचा, त्याच्या धनुकलीच्या आवाजाने गल्ली भरून जायची आणि मागल्या वर्षी दबून गेलेला कापूस पुन्हा फुगायचा. पिंजणे म्हणजे कापसात हवा परत भरणे. त्यात नवा कापूस घ्यावा लागत नव्हता, मजुरी तेवढी द्यावी लागे.

गोधडीला दुपारचे ऊन दाखवायचे, हाही नुसता स्वच्छतेचा नियम नव्हता. रात्रभर अंगाची वाफ पांघरुणात जिरते. ओला कापूस दबतो आणि दबलेल्या कापसात हवा राहत नाही. दोन तास कडक ऊन दिले की तीच गोधडी रात्री जास्त उबदार लागते. यात जादू काही नाही, पाणी उडून जाते इतकेच.

पानिपताचे नाव पुन्हा घ्यायला हवे, कारण इतिहासाने तिथे एक विचित्र वळण घेतले आहे. १८१३ साली इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्यात, बॅटली या गावी बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पिंजून त्यांचे नवे सूत काढले. त्या सुताला ‘शोडी’ म्हणतात. फाळणीनंतर पानिपतात विणकर येऊन वसले, आणि पुढे हे गाव शोडीच्या सुताचे आणि त्यापासून होणाऱ्या स्वस्त कांबळ्यांचे मोठे केंद्र झाले. देशोदेशींचे टाकून दिलेले स्वेटर आणि कोट तिथे येतात आणि कांबळी होऊन बाहेर पडतात. पुरात, भूकंपात आणि थंडीच्या लाटेत जी कांबळी वाटली जातात, त्यांतली पुष्कळशी पानिपतची असतात. आपली माणसे जिथे थंडीने काकडली, तिथली कांबळी आज गरिबाच्या अंगावर आहेत.

आता अंगाखालची बाजू. थंडी वरून येते असे आपल्याला वाटते. खरे तर झोपलेल्या माणसाची बरीच ऊब खाली जाते, कारण गादी शरीराच्या भाराने दबते आणि दबल्या जागी हवा उरत नाही. या बाबतीत मला आमच्या परंपरेतला एक जुना नियम आठवतो. दिगंबर मुनींच्या आचाराचा ग्रंथ ‘मूलाचार’ साधूच्या शय्येचे चार प्रकार सांगतो: भूमी, शिळा, लाकडाची फळी आणि गवत. वस्त्र नाही, पांघरूण नाही, अग्नी नाही, तरीही गवताला आणि फळीला परवानगी आहे. नियमामागचा विचार अहिंसेचा आणि अपरिग्रहाचा आहे, उबेचा नाही. पण वाळल्या गवताच्या थरात हवा असते आणि लाकूड दगडाइतके अंगातली ऊब खेचत नाही, हे कुणालाही अनुभवता येते. सूतविणीच्या खाटेवर झोपणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. खाटेखालून वारा खेळतो. उन्हाळ्यात ते सुख असते. हिवाळ्यात मात्र अंगावर तिसरी रजई घेण्यापेक्षा तीच खाली अंथरली तर उपयोग जास्त होतो.

अंथरूण झाले की त्याभोवतीची जागा. युरोपात जुन्या काळी पलंगाला चार खांब, वर छत आणि चारही बाजूंना जाड पडदे असत. ते पडदे शोभेचे वाटतात, पण त्यांचे मोठे काम थंडी अडवण्याचे होते. मोठ्या खोलीत एक छोटी खोली तयार व्हायची आणि झोपणाऱ्याच्या अंगाची ऊब तिच्यात साठायची. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात तर शेतकरी लाकडी कपाटासारख्या बंद पलंगात दार ओढून झोपत. चीनच्या उत्तर भागात विटांचा ओटा असतो, त्याला ‘कांग’ म्हणतात. स्वयंपाकाच्या चुलीचा धूर त्या ओट्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढतात आणि घरातली माणसे ओट्यावर झोपतात. सरपण तेच, ऊब दुप्पट, आणि धूर घराबाहेर. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. ‘बाहेर’.

काश्मीरने वेगळी वाट धरली. तिथे मातीच्या भांड्यात निखारे, भोवती वेताची विणलेली टोपली, आणि ती कांगडी फेरनच्या आत पोटाशी धरायची. खोली थंड, माणूस गरम. इंधन मूठभर. या शहाणपणालाही एक काळी किनार आहे. १८६६ साली काश्मीरातले मिशनरी डॉक्टर एल्मस्ली यांनी वर्णन केले की पोटाच्या आणि मांडीच्या ज्या कातडीला वर्षानुवर्षे कांगडीची धग लागते, तिथेच एक प्रकारचा कॅन्सर होतो. वैद्यकात त्याचे नावच ‘कांगडी कॅन्सर’ पडले. अंगाशी धरलेली धग किती काळ आणि किती गरम, याला मर्यादा हवी, हा त्याचा धडा.

आता शेगडी. आपल्या ग्रंथांना ती अनोळखी नाही. चरकसंहितेच्या ऋतुचर्येत हेमंतात आतल्या खोलीत किंवा तळघरात राहावे, जाड पांघरुणे वापरावीत, असा सल्ला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर निखाऱ्यांनी तापवलेल्या आतल्या खोलीचा उल्लेख आहे. याच्या नेमके उलटे टोक आचारांग सूत्रात दिसते. थंडीने कापणाऱ्या साधूला एक गृहस्थ विचारतो. साधू सांगतो, मला थंडी सोसत नाही हे खरे, पण अग्नी पेटवणे आणि त्यावर अंग शेकणे माझ्या आचारात बसत नाही. गृहस्थाने आपण होऊन अग्नी पेटवला तरी साधूने तो स्वीकारायचा नाही. अग्नीतही जीव आहेत, ही त्यामागची श्रद्धा. आपण गृहस्थ आहोत, आपल्याला तो नियम लागू नाही. पण निखारा ही सहज घ्यायची वस्तू नाही, हा त्यातला सावधपणा मला आधुनिक वैद्यकाच्या अंगानेही पटतो. का, ते सांगतो.

चौथ्या शतकात रोमचा ज्युलियन, जो पुढे सम्राट झाला, एका हिवाळ्यात लुटेशिया नावाच्या गावी मुक्कामाला होता. लुटेशिया म्हणजे आजचे पॅरिस. त्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा कडक होती, नदीतून बर्फाचे तुकडे वाहत होते. शरीराला सवय व्हावी म्हणून त्याने झोपायची खोली तापवू दिली नाही. थंडी फारच वाढली तेव्हा भिंतींची ओल सुकावी इतपत थोडे निखारे आणायला सांगितले. थोड्याच वेळात त्याचे डोके जड झाले, झापड आली, जीव गुदमरू लागला. त्याला उचलून बाहेर नेले, वैद्यांनी ओकारी काढवली आणि तो वाचला. ही हकिकत त्याने स्वतः ३६३ साली ‘मिसोपोगॉन’ या लिखाणात नोंदवली आहे. दोष त्याने कुणाला दिला? भिंतींना. निखाऱ्यांमुळे भिंतीतली वाफ निघाली आणि ती डोक्यात चढली, असे त्याला वाटले. खरा गुन्हेगार त्याच्या समोर लालबुंद होऊन बसला होता.

हा गैरसमज पुढे जवळजवळ दीड हजार वर्षे या ना त्या रूपाने टिकला. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. १८५७ च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद बर्नारने दाखवले की हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. १८९५ साली ब्रिटनच्या जॉन स्कॉट हॉल्डेनने तो स्वतः हुंगून, किती प्रमाणात काय होते ते टिपून ठेवले. आधी डोकेदुखी, मग धाप, मळमळ, पायांतले बळ जाणे आणि बुद्धी मंद होणे. शेवटची गोष्ट सर्वांत घातक. आपल्याला काही होते आहे हे कळायची शक्तीच आधी जाते. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. हे सगळे छापून झाल्यावरही, २९ सप्टेंबर १९०२ रोजी फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला पॅरिसमध्ये आपल्या झोपायच्या खोलीत याच वायूने गेला. खोलीत शेकोटी पेटवली होती आणि धुराडे तुंबलेले होते. ते मुद्दाम बुजवले असाही संशय पुढे घेतला गेला. त्याची पत्नी वाचली.

मग प्रश्न उरतो की आपल्या पूर्वजांच्या घरात शेगड्या होत्या आणि तरी घरोघरी अनर्थ झाला नाही, तो का? उत्तर घराच्या बांधणीत आहे. कौलांच्या फटी, छपराखालचा झरोका, फळ्यांच्या दारांमधली भेग, उंच छत. हवा सतत ये-जा करत असे. घर गळके होते म्हणून माणसे जगली. शिवाय जुनी शिस्त होती. विस्तव राखेखाली झाकून मगच झोपायचे. मध्ययुगीन युरोपात यासाठी संध्याकाळी घंटा वाजत असे. ‘विस्तव झाका’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांपासूनच आजचा ‘कर्फ्यू’ शब्द आला. ती सक्ती मुख्यतः आगीच्या भीतीने होती, पण झोपताना जळता विस्तव जवळ नको, ही सवय तिने लावली.

आज आपण सिमेंटच्या घरात राहतो. काचेच्या सरकत्या खिडक्या, रबराच्या पट्ट्या, खाली छत, लहान खोली. घर बदलले आणि शेगडी तीच राहिली. उत्तरेतल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात एक बातमी येते: रात्री खोलीत शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. आपल्या मराठी घरांत हा धोका आणखी एका वाटेने येतो. बाळंतिणीची शेक-शेगडी. खाटेखाली निखारे, त्यावर ओव्याची धुरी, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, आणि आत आठ-दहा दिवसांचे बाळ. सासूबाई आणि आई दोघी हे मायेने करतात. पण जुन्या वाड्यातल्या बाळंतिणीच्या खोलीला झरोका होता, फ्लॅटमधल्या बेडरूमला नाही. बाळंतिणीला शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. निखारा त्या खोलीत नको. आणि कुणी सांगेल की डोके दुखते आहे, घरातल्या दोघा-तिघांचे एकदमच दुखते आहे, आणि अंगणात गेले की बरे वाटते, तर ती सर्दी समजू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर आणा आणि जिथे प्राणवायूची सोय आहे अशा इस्पितळात तडक न्या. यावर माझ्याकडे पुडी नाही. खोटा धीर देणारा डॉक्टर मला व्हायचे नाही.

मग स्वस्तात करायचे काय? इतिहासाने जे पारखून दिले आहे तेच. दुपारी दक्षिणेची खिडकी उघडून ऊन आत घ्या आणि चारच्या सुमारास, सूर्य कलायच्या आत, खिडकी लावून जाड पडदा ओढा. पडदा नसेल तर जुनी चादर चालते. दाराखालच्या फटीशी कापडाची वळकटी ठेवा. खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर सरकवा. फरशीवर सतरंजी किंवा चटई टाका. मच्छरदाणी हिवाळ्यात काढून ठेवू नका. तिच्यावर पातळ चादर टाकली की तो युरोपातला पडद्यांचा पलंग झाला. बाजूने हवा येत राहील इतके मात्र मोकळे ठेवा आणि तान्ह्या बाळासाठी हा प्रयोग करू नका. कानटोपी आणि मोजे घालून झोपणे यात कमीपणा नाही.

विजेचा हिशेब करून पाहा. दोन हजार वॅटचा हिटर रात्री आठ तास चालला तर सोळा युनिटे जळतात. रबराच्या पिशवीत मावणारे दीड लिटर पाणी तापवायला साधारण युनिटाचा दहावा भाग लागतो. ती पिशवी झोपण्याआधी अर्धा तास पांघरुणात ठेवा. पाणी उकळते नको, पिशवीला फडके गुंडाळलेले हवे. घरात मधुमेहाचा जुना रुग्ण असेल तर झोपताना ती काढून घ्या. त्याच्या पायांची जाण कमी झालेली असते, भाजले तरी त्याला कळत नाही. अशा जखमा भरायला महिने लागतात.

एक गोष्ट मात्र नव्या काळाची म्हणून मान्य करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड प्रदेशातल्या घरांसाठी आतले तापमान किमान १८ अंश असावे असे सुचवले, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांसाठी त्याहून जास्त लागू शकते असेही म्हटले. अंथरूण कितीही उबदार असले तरी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रात्री दोनदा उठावे लागते. उबेतून एकदम गारठ्यात पाय ठेवला की रक्तदाब चढतो, दम्याच्या माणसाची छाती भरते. म्हणून वृद्धांच्या खोलीत झोपण्याआधी तासभर आणि पहाटे थोडा वेळ विजेचा हिटर लावणे ही चैन नाही. तो अंथरुणापासून दूर ठेवावा. आणि अंगात घालायची शाल उशाशी, चपला खाटेशी असाव्यात, एवढे साधे पुरते.

वाचकहो, ही थंडी सरण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत एकदा रात्री दहा वाजता जाऊन उभे राहा. खिडकीच्या फटीशी हात धरा, गादीखाली हात घाला, आणि कोपऱ्यात शेगडी दिसली तर ती उचलून अंगणात ठेवा.